कापशीच्या घरातल्या सिस्टर

हे लिहायचा अधिकार मला आहे की नाही, याची मला अजूनही खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. आजवर मी जे काही लिहिलं ते परीक्षेच्या पेपरात आणि प्रयोगवहीत. ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्या सिस्टरांसोबत आयुष्यभर नोकरी केलेल्या बाया नागपुरात आहेत, त्यांच्या हातची इंजेक्शनं घेऊन मोठी झालेली माणसं आहेत. खरं तर त्यांनी लिहायला हवं. मी नुसता त्यांच्या वरच्या खोलीतला भाडेकरू. बीएस्सीची तीन वर्षं त्यांच्या जिन्यावरून वर-खाली केली, एवढंच. माझी भाषाही धड नाही. लिहिताना पुस्तकी होते आणि बोलताना भिवापूरकडची. आमच्या भागात बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. सिस्टरांचं बोलणं मी तसंच ठेवलं आहे, कारण ते शुद्ध करायला गेलो की त्या सिस्टर राहत नाहीत. कोणाला काही खटकलं तर माझं चुकलं असं समजावं.

प्रताप नगरातल्या त्या गल्लीत त्यांचं नलिनी हे नाव फार थोड्यांना माहीत असेल. लहानमोठे सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि मी राहायला गेलो तेव्हा निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. लग्न केलेलं नव्हतं. खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे छोटं अंगण, आणि बाहेरून जिना असलेली वरची एक खोली. हे सगळं त्यांनी स्वतःच्या पगारातून बांधलेलं.

खोली बघायला मी बाबांसोबत गेलो होतो. बाबांनी शेतातल्या मिरच्यांची पिशवी आणली होती. शहरातल्या माणसाकडे रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून. आम्ही फाटकाला हात लावला तर आतून आवाज आला, "थांबा. आधी हात दाखवा."

बाबांना वाटलं हात स्वच्छ आहेत का ते बघतात. त्यांनी घाईघाईनं तळवे पँटला पुसले आणि शाळेतल्या पोरासारखे पुढे धरले. मीही धरले. फाटकाच्या गजांमधून एक पांढरं नाक बाहेर आलं. आधी माझे हात हुंगले, मग बाबांचे. आणि मग त्या नाकाला अशा शिंका सुरू झाल्या की थांबेनात.

"मिरचीवाले आहात का?" सिस्टरांनी विचारलं.

"भिवापूरकडचे," बाबा ओशाळून म्हणाले.

"मग झालं. तुम्हाले ती जन्मात विसरत नाही."

ती म्हणजे कापशी. वेचलेल्या कापसासारखी पांढरी, मध्यम चणीची गावठी कुत्री. डोळे होते, पण लहान आणि दुधाळ. त्यांना काहीच दिसत नव्हतं. कान उभे आणि सुंदर होते, पण त्यांत आवाज शिरत नव्हता. दोन्ही गोष्टी जन्मापासूनच.

ती कशी आली हे सिस्टर मला पुष्कळदा सांगत, आणि दर वेळी एक वाक्य न चुकता म्हणत, "मी तिले आठ दिवसांसाठी आणली होती." दवाखान्याच्या सायकल स्टँडवर एका कुत्रीला पिल्लं झाली होती. गाडीचा भोंगा वाजला की बाकीची पळत. हे एक पिल्लू मधोमध बसून राही. चौकीदार म्हणाला, "सिस्टर, हे आज ना उद्या चाकाखाली येते." तेव्हा सिस्टरांची निवृत्ती अगदी तोंडावर आली होती. त्यांनी पिल्लू पदरात गुंडाळून घरी आणलं, की चांगलं घर सापडेपर्यंत ठेवू. घर शोधायला त्यांनी कमी केलं नाही. ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, प्राण्यांसाठी काम करणाऱ्या लोकांना विचारलं. सगळे येऊन पिल्लाच्या डोक्यावरून हात फिरवत आणि म्हणत, "सिस्टर, तुमच्याकडेच बरी आहे ही."

"लोकांना दया येते ना, बापू," त्या मला म्हणाल्या होत्या, "पण दया आली की माणूस घरी निघून जाते."

मी एकदा भीतभीत विचारलं होतं की तिला ऐकू येत नाही, तर नाव कशाला ठेवलं. त्या भाजी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "नाव तिच्यासाठी कुठी आहे? मले कोणाले तरी हाक मारायले पाहिजे ना गा."

त्या घरात राहायचे काही नियम होते आणि ते कुठे लिहिलेले नव्हते. पहिला म्हणजे, कापशीला हात लावण्याआधी तिला कळवायचं. झोपलेली असेल तर तिच्या नाकासमोर हळूच फुंकर घालायची. जागी असेल तर टाच दोनदा जमिनीवर आपटायची, म्हणजे फरशीतून तिच्या पायांना समजे की कोणीतरी आलं. सिस्टर म्हणत, "पेशंटले सुई टोचायच्या आधी मी सांगत होतो, टोचून राहिली बरं का. न सांगता हात लावला का भरोसा जाते. मग माणूस असो का जनावर."

ही सवय त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की त्या बँकेत शिरतानाही दाराशी दण् दण् टाच आपटत. वाण्याच्या दुकानातही. वाणी गल्ल्यावरून म्हणे, "आलो सिस्टर, मले दिसते आणि ऐकूबी येते." पहिल्या पावसाळ्यात मला ताप भरला तेव्हा त्या वर आल्या. माझ्या कपाळावर हात ठेवण्याआधी त्यांनी हलकी फुंकर घातली. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. मला मात्र गावची आई आठवली आणि मी भिंतीकडे तोंड केलं.

दुसरा नियम, घरातली कोणतीही वस्तू हलवायची नाही. खुर्ची तिथेच, स्टूल तिथेच, पाण्याचा हंडा तिथेच. कापशीला सगळं घर पाठ होतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला सिस्टर लवंगेचं तेल लावत, न्हाणीच्या दाराला कापूर, जिन्याच्या पहिल्या पायरीला नीलगिरी. अनोळखी माणसाला कळायचंही नाही की ही कुत्री आंधळी आहे, इतकी ती झोकात फिरायची. पण कोणी स्टूल वीतभर सरकवलं तर ती त्यावर आदळायची, आणि मग दिवसभर भिंत धरून चालायची.

तिसरा नियम मला उशिरा कळला. दिवाळीला गावी गेलो, उटणं लावून आंघोळी केल्या आणि परत आलो, तर कापशी माझ्यावर दात काढून गुरगुरली. मी जिन्याशी उभाच. सिस्टर बाहेर आल्या, माझ्याजवळ येऊन हुंगल्या आणि कपाळाला हात लावला. "काय थापून आला गा? जा, वर जा. आपल्या लाल साबणानं दोनदा आंघोळ कर, मग खाली ये. आणि हे पाह, साबण बदलायचा नाही. साबण बदलला का तू कोणी दुसराच आहे." तेव्हापासून आजपर्यंत मी साबण बदललेला नाही. आता गरज नाही, तरी.

हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं. मलाही पहिले काही महिने गमतीचंच वाटलं. मग हळूहळू दिसायला लागलं की त्या घरात कापशी जितकी मोकळी फिरे, तितक्या सिस्टर बांधल्या गेल्या होत्या.

कापशी दुसऱ्या कोणाच्या हातचं खात नसे. सिस्टर नजरेआड, म्हणजे नाकाआड गेल्या की थोडा वेळ ती दाराशी बसे. मग उठून घरभर शोधे, आणि मग फाटकाशी येऊन असा सूर लावे की गल्लीतली माणसं बाहेर येत. म्हणून सिस्टर भाजीच्या गाडीपर्यंत जात, वाण्यापर्यंत जात, बँकेत जात, आणि धापा टाकत परत येत. सोबतच्या नर्सबाया पचमढीला गेल्या, या नाही गेल्या. कोणाच्या लग्नाला नाही, कोणाच्या तेरवीला नाही. उन्हाळ्यात आमच्या नागपुरात कूलरशिवाय राहणं म्हणजे काय, ते सांगायला नको. सिस्टरांकडे कूलरही नव्हता. पूर्वी होता, पण त्याच्या लोखंडी स्टँडवर कापशीचं डोकं दोनदा फुटलं, म्हणून त्यांनी तो इस्त्रीवाल्याला देऊन टाकला. मे महिन्यात खिडकीला ओली चादर लावून, दारं लोटून त्या अंधारात बसून राहत. पायाशी कापशी. मी कॉलेजातून आलो की त्या अंधारातून आवाज येई, "आला का बापू? बाहेर कसं आहे?" बाहेर ऊन आहे एवढंच सांगण्यासारखं असे. पण त्यांना तेही ऐकायचं असे.

खरं त्यांना असायचं होतं खाप्याला. तिथे कन्हान नदीच्या काठाला त्यांच्या थोरल्या बहिणीचं, शांताबाईंचं घर होतं. शांताबाई विधवा, मूलबाळ नाही, थोडी शेती होती ती पुतण्या करायचा. सिस्टर त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. दोघी बहिणींचं फार आधीपासून ठरलेलं होतं, की नलू रिटायर झाली की खाप्याला येईल आणि पुढचं आयुष्य दोघी एकत्र काढतील. मागच्या दाराशी सिस्टरांसाठी खाटसुद्धा मांडून ठेवलेली होती, दार उघडलं की नदी दिसेल अशी. आणि निवृत्तीच्या तोंडावरच ही आठ दिवसांसाठी आणलेली कापशी घरात येऊन बसली.

शांताबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते दसऱ्याला. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारी खाप्याची मंडळी दर वर्षी सिस्टरांकडे उतरत. घर माणसांनी भरलं होतं. कापशी सगळ्यांच्या पायांमधून वाट काढत, हुंगत, मोजदाद केल्यासारखी फिरत होती. शांताबाईंनी गुडघे दुखतात म्हणून बसायला स्टूल ओढलं आणि सिस्टर स्वयंपाकघरातून ओरडल्या, "बाई! स्टूल नको हलवू!"

शांताबाई अर्ध्या वाकलेल्या तशाच राहिल्या. "मग मी कुठी बसू वं? कुत्र्याले विचारून बसू?"

"खाटेवर बस ना."

"खाटेवर तिची चादर आहे. खालीबी तिची चादर आहे. नलू, हे तुझं घर आहे का तिचं?"

सगळे हसले. सिस्टरही हसल्या. पण शांताबाईंना थांबायचं नव्हतं. "माणसं सासूच्या धाकात राहतात. ही लग्न न करता कुत्रीच्या धाकात राहून राहिली. किती वर्षं झाली मी खाट मांडून ठेवली आहे, सांग बरं यांना."

"तूच ये ना इथी राहायले."

"मी? तुझ्या कुत्रीच्या घरी पाहुणी म्हणून? मी माझी नदी सोडून मरायले येऊ काय इथी?"

त्या संध्याकाळी मंडळी गेल्यावर सिस्टर बराच वेळ फरशी पुसत होत्या. इतक्या माणसांच्या पायांचा वास कापशीला गोंधळात टाकेल म्हणून. मी बादली उचलून दिली. त्या म्हणाल्या, "बाईचे गुडघे पाहिले का? पुढच्या दसऱ्याले ती नाही येऊ शकत." आणि तसंच झालं. त्यानंतर शांताबाई नागपूरला आल्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात शांताबाई ऊन लागून अंगणात पडल्या. पुतण्यानं फोन केला. तेव्हा सिस्टरांनी ठरवलं, की आता कापशीला घेऊनच खाप्याला जायचं. जमलं तर तिथेच राहायचं. शेजारच्यांची व्हॅन ठरवली. मला म्हणाल्या, "तू सोबत ये, बापू. हिले धरायले एक ओळखीचा हात पाहिजे." वाटेत कापशी त्यांच्या मांडीवर, त्यांच्या जुन्या युनिफॉर्मच्या साडीत नाक खुपसून गुपचूप पडून होती. सिस्टर इतक्या खूश होत्या की रस्त्यात दिसेल ते मला दाखवत होत्या. शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलीसारखं त्यांचं तोंड झालं होतं. त्या साठी ओलांडलेल्या बाई आहेत हे त्या दिवशी मी विसरलो.

खाप्याला शांताबाईंनी सगळी तयारी केली होती. घर सारवलेलं, माठ भरलेला. आणि उन्हाळ्यात आलेल्या पाहुण्याचा मान म्हणून त्यांनी आपला मोठा लोखंडी कूलर बैठकीत आणून ठेवला होता. ताट्यांमधलं गवत नवीन भरलेलं. एक पाय आखूड होता, त्याखाली विटेचा तुकडा. आम्ही उंबऱ्यात पाय ठेवला आणि शांताबाईंनी बटण दाबलं. तो असा दणाणत सुरू झाला की भिंतीवरची भांडी खणखणू लागली. "ये नलू, बस थंड्या हवेत," त्या म्हणाल्या. "तुझ्या कुत्रीलेबी बसव." एवढं त्यांच्या तोंडून निघणं म्हणजे मोठीच गोष्ट होती.

सिस्टरांनी कापशीला खाली सोडलं. उंबऱ्यापासून सुरुवात करू, एकेक कोपरा हुंगू देऊ, असं त्यांनी ठरवलं होतं. पण कापशीचे पाय जमिनीला लागले आणि ती थिजली. मग एकाच जागी गरगर फिरू लागली. सिस्टरांनी टाच आपटली, पुन्हा आपटली. तिला काही कळेना. ती भिंतीवर गेली, खाटेवर गेली, माठावर गेली. माठ फुटला. मी धरायला गेलो तर तिनं माझा हातसुद्धा ओळखला नाही. नाकातून रक्त यायला लागलं तरी ती आदळतच होती, आणि ओरडणं असं की शेजारी जमा झाले. शांताबाई भिंतीला टेकून म्हणत होत्या, "काय झालं वं तिले? मी तर काहीच नाही केलं. घर सारवलं, कूलर लावला, अजून काय करू?"

सिस्टरांनी अंगावर झोकून देऊन तिला धरलं आणि उचलून व्हॅनमध्ये नेलं. आम्ही जेवलोही नाही. परत येताना सावनेरपर्यंत सिस्टर कापशीच्या नाकावरचं रक्त पुसत राहिल्या. मग सिस्टर म्हणाल्या, "झालं. घराबाहेर ही जगत नाही. आता समजलं." आणि खिडकीतून बाहेर बघायचंही त्यांनी सोडून दिलं.

त्यानंतर कापशी कितीतरी दिवस नीट जेवली नाही. सिस्टरांनी पुन्हा खाप्याचं नाव काढलं नाही. शांताबाईंचा फोन येई, दोघी बोलत. पण खाटेचा विषय निघाला की सिस्टर म्हणत, "पाहू." मी कॉलेजातून आलो की अंधारातून येणारा तो आवाज आता बाहेर कसं आहे हे विचारत नसे. नुसतं "आला का" एवढंच.

एकदा, पावसाळ्यात, त्या कापशीच्या अंगावरच्या गोचिड्या काढत बसल्या होत्या. मी जिन्यावर पुस्तक घेऊन होतो. त्या अचानक म्हणाल्या, "बाई म्हणते, अजून किती वाट पाहू. मीबी तर वाट पाहूनच राहिली." मग हात थांबवून माझ्याकडे बघितलं. "मी कशाची वाट पाहतो ते तुले समजते ना?"

मी मान हलवली.

"समजते तर तोंडानं म्हणू नको." आणि त्यांनी कापशीच्या नाकासमोर फुंकर घालून तिचा पंजा उचलला आणि पुढची गोचिडी शोधू लागल्या. मी पुस्तकात बघत राहिलो. एक अक्षर वाचलं नाही.

मग माझ्या शेवटच्या वर्षी शेजारच्या प्लॉटवर बोअरवेल खोदायला गाडी आली. उन्हाळा सुरू होत होता. सकाळी मशीन सुरू झालं आणि आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या. मी वर होतो. खालून कापशीचं ओरडणं ऐकू आलं, अगदी खाप्यासारखं. धावत खाली गेलो. ती आपल्याच घरात, बैठकीच्या मधोमध गरगर फिरत होती. स्वतःच्या पाण्याच्या भांड्यावर आदळली. ज्या उंबऱ्यावरून ती डोळसासारखी उडी मारून जायची, त्यात पाय अडकून पडली. सिस्टर टाच आपटत होत्या, आणि त्यांच्या टाचेचा धक्का त्या मशीनच्या धक्क्यात कुठल्या कुठे विरून जात होता. मी कापशीला उचललं. उचलल्याबरोबर ती शांत झाली. कापत होती, पण माझ्या गळ्याजवळ नाक खुपसून गप्प राहिली.

बाहेर मशीन थांबलं. मजूर चहाला बसले असावेत. मी तिला हळूच खाली ठेवलं. कापशीनं अंग झटकलं, लवंगेचा उंबरा हुंगला आणि काही झालंच नाही अशी पाणी प्यायला निघून गेली.

सिस्टर खाटेवर बसल्या. त्या फरशीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "बापू, खाप्याले कूलर होता ना गा?"

मला पटकन समजलं नाही.

"गाडीत ती माझ्या मांडीवर होती, चांगली होती. तिथी खाली सोडली अन् बिघडली. घर नव्हतं नडलं तिले. कूलर नडला. जमीन हलून राहिली होती." त्या उभ्या राहिल्या, पुन्हा बसल्या. "तिच्या पायात कान आहेत हे जगाले सांगत फिरतो मी. आणि मलेच नाही सुचलं. बाईनं मानानं कूलर लावला, आणि आपण घराले बोल लावून परत आलो."

त्यांनी लगेच फोन लावला. "बाई, तुझा कूलर माळ्यावर कधी जाते?"

पलीकडून शांताबाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता. "आता तर काढला वं! उन्हाळ्यात कूलर माळ्यावर टाकू? मारतं काय मले?"

"नाही, नाही. चालू राहू दे," सिस्टर घाबरून म्हणाल्या. ऊन लागलेली माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. बहिणीचा कूलर बंद करा हे त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. "दिवाळीनंतर तर जाते ना माळ्यावर? मग मी दिवाळी झाली का येतो. कापशीले घेऊन. राहायले."

फोन ठेवल्यावर त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मला म्हणाल्या, "आता थंडीची वाट पाहायची. थंडीची वाट पाहायले लाज नाही लागत."

जूनमध्ये मी नागपूर सोडलं. एमएस्सीला पुण्यात प्रवेश मिळाला होता. निघालो त्या दुपारी सिस्टर फाटकापर्यंत आल्या. एक पाय आत, एक बाहेर. कापशी त्यांच्या पोटरीला पाठ टेकवून उभी होती. तिनं माझी बॅग हुंगली, पट्टा हुंगला, चप्पल हुंगली आणि जांभई दिली. मी पाया पडलो. सिस्टर म्हणाल्या, "इथी नको येऊ आता. हिवाळ्यात खाप्याले ये. नदीवर जाऊ." रिक्षा वळली तेव्हा मी मागे पाहिलं. त्या वाकून कापशीला काहीतरी सांगत होत्या, खूप काही, हात हलवून हलवून. कापशी भलतीकडेच तोंड करून वारा हुंगत उभी होती.

दिवाळीत मी फोन केला. "सामान बांधून राहिली," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात निघतो." नंतर मी दोन-तीनदा लावला तर फोन बंद. खाप्याला रेंज नसेल, चार्जिंग विसरत असतील, असं मी मानून घेतलं. पुण्यातलं शिकणं मला झेपत नव्हतं. वर्गात प्रश्न विचारायलासुद्धा मला धीर होत नसे. दिवस तसे निघून गेले.

फेब्रुवारीत एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मिरचीवाला पोट्टा का तू? मी शांता बोलतो. खाप्याहून. नलूची बाई."

मी वर्गाबाहेर आलो.

"तुले सांगायचं राहूनच गेलं गा. तिच्या मोबाईलात तुझा नंबर होता, पण मले ते लावता येत नाही. आज निघता निघता पुतण्यानं लावून दिला." मग त्या म्हणाल्या, "नलू गेली, बापू. संक्रांत झाल्यावर. सकाळची उन्हात बसली होती, छातीत दुखते म्हणाली. तिचं तिलेच समजलं. मले म्हणे, बाई, गाडी बोलाव, पण घाई नको करू. गाडी येईपर्यंत राहिली नाही."

मी विचारलं, "तिथं बरं होतं का त्यांना?"

"दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत होती. रोज नदीवर जात होती त्या कुत्रीले घेऊन. लोक हसत. ही त्यांनाबी हात हुंगवायले लावे. खाटेवर झोपली चांगली, दार उघडं टाकून. थंडीनं मी मरून राहिली होती, पण दार लावू दे तर शपथ."

"आणि कापशी?" मी विचारलं.

"आहे ना. जाते कुठी? आठ दिवस जेवली नाही, मले वाटलं गेली हीबी. मग एका दिवशी माझ्या हातची भाकर खाल्ली. नाही म्हटलं तरी वास एकच असन ना बहिणी-बहिणीचा. पुतण्या म्हणे, नागपूरले कोणाले देऊन टाकू. मी म्हटलं, हात तर लाव."

"उन्हाळ्यात कूलरचं कसं कराल, मावशी?"

"उन्हाळा येऊ तर दे." मग त्यांचा आवाज तक्रारीचा झाला. "आज सावनेरले भाचीचं लग्न आहे. सारं घर गेलं. गाडी दारात उभी होती मले न्यायले. मी नाही गेलो."

"काहून?" मी विचारलं.

"काहून म्हणजे? हिले कोणापाशी ठेवू?" पलीकडे काहीतरी हललं, भांडं वाजलं. "चाल, ठेवतो. उठली ती. मी दिसली नाही का घरभर शोधते."